हेल्मेटवरचं कुंकू

दर मंगळवारी सकाळी दहा वाजता गुरुदत्त मोघे लायब्ररीच्या मागच्या खोलीत जात आणि एका फॉर्मवर शून्य लिहून परत येत.

फॉर्म होता दुःखाचा. त्यांच्या पत्नी वसुधाबाई जूनमध्ये गेल्या आणि जुलैमध्ये रेणूनं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, गुरुदत्तांचं नाव ह्या मंडळात घालून टाकलं. जोडीदार गेलेल्या माणसांनी गोल करून बसायचं, पातळ कॉफी प्यायची, आणि निघताना आज किती दुखतंय त्याचा एक ते दहामधला आकडा लिहून द्यायचा. गुरुदत्त प्रामाणिकपणे शून्य लिहीत. मंडळ चालवणाऱ्या मिसेस हॉलंडनी त्यांना तीन वेळा अगदी गोड आवाजात सांगून पाहिलं की पट्टी एकापासून सुरू होते. चौथ्या वेळी गुरुदत्तांनी शून्याच्या शेजारी बारीक अक्षरात शेरा मारला : ‘पट्टीत दोष आहे. दुरुस्त करून घ्यावी.’

ह्यात राग वगैरे काही नव्हता. असले शेरे मारण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. मिशिगनमधल्या ट्रॉयच्या आसपास गाड्यांचे भाग बनवणाऱ्या ज्या ढिगानं कंपन्या आहेत त्यांतल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत ते गाड्या भिंतीवर आपटत असत. आत माणसाच्या जागी पुतळा बसवलेला असे. पुतळ्याच्या डोक्यात, छातीत, गुडघ्यात यंत्रं. गाडीचा चेंदामेंदा झाला तरी पुतळा तोंडातून ब्र काढत नसे, पण आकडे मात्र चोख देई. गुरुदत्तांना हल्ली आपलं त्या पुतळ्यासारखं झालंय असं वाटे. फरक इतकाच, की आकडे येत नव्हते.

वसुधाबाई असतानाच दोघं रेणूच्या घरी राहायला आले होते. तळघरातल्या खोलीत आता ते एकटे राहत. जावई संजीव वर्षभरासाठी टेक्ससच्या कारखान्यात अडकलेला. रेणू हॉस्पिटलच्या फार्मसीत, त्यामुळे तिची ड्युटी कधी सकाळची तर कधी रात्रीची. गुरुदत्त उठत, दात घासत, उपमा खात. एकदा उपम्यात मीठच नव्हतं. तो त्यांनी दोन दिवस खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी रेणूनं चव घेऊन टाकून दिला. तिनं विचारलं, बाबा, तुम्हाला कळलं नाही? त्यांनी विचार करून सांगितलं की कळलं होतं, पण त्यावर काही करावंसं वाटलं नाही.

नात अनया पंधरा वर्षांची. ती स्नोबोर्ड करते, म्हणजे दोन्ही पाय एकाच रुंद फळीला बांधून बर्फावरून आडवी घसरते. आणि नुसती घसरत नाही, शर्यतीत घसरते. चार मुली एका फाटकातून एकदम सुटतात. वाटेत वळणं, उंचवटे, उड्या आणि एकमेकींची कोपरं. मिशिगनमध्ये ज्याला डोंगर म्हणतात त्याला सातारचा माणूस टेकाड म्हणणार नाही, पण पंचेचाळीस मैलांच्या वेगानं डोकं आपटायला टेकाड पुरतं. वसुधाबाईंनी पहिली शर्यत पाहिली तेव्हा एवढंच विचारलं होतं, “शेवटी खालीच यायचं होतं, तर वर गेली कशाला?” त्यानंतरच्या सहा वर्षांत त्यांनी एकही शर्यत चुकवली नाही.

अनयाचं सगळं सामान वसुधाबाईंच्या ताब्यात असे. पाठीचं कवच, गुडघ्यांचे पॅड, मनगटांचे गार्ड, मागे पॅड शिवलेली चड्डी (तिची शिवण त्यांनी दोनदा स्वतः घातली होती), गॉगल, बूट, बोर्ड आणि हेल्मेट. शर्यतीहून आल्यावर हे सगळं तळघरातल्या दोरीवर डोक्यापासून पायापर्यंत क्रमानं वाळत पडे. लांबून बघितलं तर पोरगी आतून विरघळून गेली आणि नुसतं टरफल उरलं असं वाटे.

गुरुदत्तांचा ह्या सामानाशी संबंध एकदाच आला होता. गेल्या हिवाळ्यात अनया एका खांबावर आदळली. तिला काही झालं नाही, हेल्मेटलाही दिसायला काही झालं नव्हतं. पण गुरुदत्तांनी ते हातात घेतलं, कात्रीनं त्याचे दोन्ही पट्टे कापले आणि कचऱ्यात टाकलं. त्यांनी अनयाला समजावलं होतं की हेल्मेट एकदाच मार खातं. ते आतून चेपतं म्हणून डोकं वाचतं, आणि दुसऱ्या वेळी त्याच्याजवळ चेपायला काही उरलेलं नसतं. पट्टे का कापले? तर न कापता टाकलं की कुणीतरी म्हणतं, अरे, चांगलं आहे की, आणि उचलून डोक्यावर घालतं. त्यांच्या प्रयोगशाळेचा नियमच होता. बाद झालेल्या वस्तूवर चर्चा करायची नाही. चर्चा केली की ती वस्तू वाचते आणि माणूस मरतो. आधी कापायची, मग कळवायचं.

नवं पांढरं हेल्मेट आलं ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या आठवड्यात.

दसऱ्याला वसुधाबाई हॉलमध्ये चादर पसरून घरातली हत्यारं मांडत. संजीवच्या गाडीची किल्ली, रेणूचा लॅपटॉप, मिक्सर, गुरुदत्तांचा जुना व्हर्नियर कॅलिपर, आणि गेली सहा वर्षं अनयाचं सगळं सामान. प्रत्येकाला हळद-कुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. यंदा रेणू ड्युटीवर होती. अनया म्हणाली, आबा, आजी करायची तसं करा ना. गुरुदत्तांनी तसं केलं. निदान आपण तसंच करतोय असं त्यांना वाटलं. कुंकू गुळगुळीत हेल्मेटवर राहीना, घरंगळून चादरीवर पडे. मग त्यांनी ते तेलात कालवलं आणि बरोबर कपाळाच्या जागी रुपयाएवढा टिळा लावला. अनयानं फोटो काढला आणि ती जिममधल्या प्रॅक्टिसला गेली.

संध्याकाळी टिळा पुसायला गेले, तर तो निघेना. साबण लावला, लिंबू लावलं. पांढऱ्यावर गुलाबी डाग तसाच. मग त्यांनी वसुधाबाईंचा खण उघडला आणि नेलपेंट काढायची बाटली घेतली.

आता, अॅसिटोन म्हणजे काय हे गुरुदत्त मोघ्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ‘थिनर, अॅसिटोन अथवा तत्सम द्रव लावू नये, आवरण ठिसूळ होते’ हे वाक्य त्यांनी नोकरीत इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये शेकडो लेबलांवर छापून घेतलं होतं. पण त्यांनी बाटलीचं झाकण काढलं आणि तो वास आला. रविवारी दुपारी वसुधाबाई खिडकीशी बसून नखं साफ करत तेव्हा घरभर असे तो. गुरुदत्त थांबले. आता काहीतरी वाटेल असं त्यांना वाटलं. काही वाटलं नाही. म्हणून त्यांनी आणखी थोडं ओतलं. कापूस भिजवला, पुसलं, परत ओतलं, परत पुसलं. डाग केव्हाच गेला होता. बाटली संपली तेव्हा ते थांबले.

त्या जागी हेल्मेटवर कुणी श्वास टाकावा तसा धुरकट ठिपका उरला. अनयाच्या क्लबचं अस्वलाचं स्टिकर टेबलावर पडलं होतं. ते त्यांनी ठिपक्यावर नीट मधोमध चिकटवलं. अनयाला आवडलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी राज्याच्या उत्तर टोकाला मोसमातली शेवटची शर्यत होती. शेवटच्या फेरीतल्या पहिल्या दोघी राष्ट्रीय स्पर्धेला कोलोरॅडोला जाणार. अनयाला तीन वर्षं हे हवं होतं. दोन वर्षांपूर्वी ती पडली होती, गेल्या वर्षी खांब. यंदा ती सकाळपासून प्रत्येक फेरीत पहिली येत होती आणि कोच डॅना, जी सहसा कुणाशी बोलत नाही, ती रेणूशी हवापाण्याबद्दल बोलायला लागली होती.

गुरुदत्त लॉजमध्ये होते. लॉज म्हणजे टेकाडाच्या पायथ्याची मोठी लाकडी खोली, आत खाणं, बाहेर बर्फ. वसुधाबाईंच्या पश्चात बॅगा सांभाळायचं काम त्यांच्याकडे आलं होतं, आणि त्या कामाला काही वाटावं लागत नसल्यामुळे ते उत्तम करत. शेवटच्या फेरीला चाळीस मिनिटं होती. अनया धावत आली, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि एक गोल स्टिकर दिलं. शेवटच्या फेरीतल्या चौघींना नंबर मिळाले होते, आणि ते हेल्मेटच्या पुढच्या बाजूलाच लावायचे असा नियम. तिचा नंबर चार. आबा, बेअर काढून हे लावा, मी केळं खाऊन येते, म्हणून ती गेली.

गुरुदत्तांनी नखानं अस्वलाचा एक कान उचलला आणि स्टिकर ओढलं.

खाली रेघा होत्या. केसाहून बारीक, एका मधल्या ठिपक्यापासून चहूकडे गेलेल्या. खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं तरच दिसत. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं, फोनचा दिवा लावून पाहिलं. अंगठ्यानं दाबलं तेव्हा रेघांमध्ये किंचित गुलाबी दिसलं. कुंकू आत गेलं होतं.

चार महिने पोरगी हे डोक्यावर घालून फिरत होती.

दुसऱ्या कुणाच्या अशा वेळी छातीत धस्स झालं असतं. गुरुदत्तांना काही झालं नाही. उलट डोकं अगदी स्वच्छ चाललं. हे असं तडकलेलं आवरण मार खाईल की नाही? सांगता येत नाही. कदाचित खाईल. आता आपण रेणूला दाखवलं तर ती म्हणेल, बाबा, काही दिसत तर नाही. डॅना म्हणेल, एकच फेरी उरलीय. अनया तर ऐकूनच घेणार नाही. तिघी मिळून चर्चा करतील आणि हेल्मेट वाचेल. आणि ठिपका झाकायला स्टिकर कुणी लावलं? प्रयोगशाळेत कुणी असा दोष झाकला असता, तर गुरुदत्तांनी त्याला दुपारच्या जेवणाआधी घरी पाठवला असता.

ते उठले आणि शेजारच्या प्रथमोपचाराच्या खोलीत गेले. तिथे लाल जाकिटातली एक बाई बसली होती. जखमी माणसाची विजार कापायला ठेवतात ती जाड कात्री त्यांनी तिच्याकडून मागून घेतली. बाईनं विचारलं, कुणाला लागलंय का? ते म्हणाले, अजून नाही.

टेबलाशी येऊन त्यांनी हेल्मेटचे दोन्ही पट्टे कापले. कात्री परत केली, थँक्यू म्हणाले आणि वाट बघत बसले.

अनया केळं खात आली. तिच्या मागून रेणू आणि डॅना. अनयानं हेल्मेट उचललं, पट्टे लोंबकळले. तिनं ते उलटून पाहिलं, जणू हे दुसऱ्या कुणाचं असेल.

“आबा, तुम्ही काय केलं?”

“बाद केलं,” गुरुदत्त म्हणाले. त्यांनी रेघा दाखवल्या. डॅनाला इंग्रजीत सांगितलं की आवरणावर द्रव लागून ते ठिसूळ झालंय.

डॅनानं ते उजेडात धरलं. बहुधा तिलाही चर्चाच करायची होती, पण पट्टे नव्हते.

“कुठलं लिक्विड?” अनया म्हणाली. “कोणी लावलं?”

“मी. दसऱ्याला. आजीचं नेलपेंट रिमूव्हर.”

रेणूनं डोळे मिटून घेतले. “बाबा, तुम्ही? अहो, तुम्ही लेबलं लिहायचात.”

“हो,” गुरुदत्त म्हणाले. “इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये.”

ते चेष्टा करत नव्हते. प्रश्नाला उत्तर देत होते. पण ते ज्या आवाजात आलं त्यानं अनयाचा चेहरा असा झाला की गुरुदत्तांनी तो लक्षात ठेवला. पुढे कधी वाटायला लागलं तर उपयोगी पडेल म्हणून.

मग धावाधाव झाली. क्लबमध्ये अनयाच्या मापाचं हेल्मेट एकाच मुलीकडे होतं. ती रुही, आणि तिला ते स्वतःलाच लागणार होतं, कारण ती त्याच फेरीत होती. बर्फाचं वादळ येतंय म्हणून हरलेल्या पोरी दुपारीच गाड्या काढून गेल्या होत्या. जी दोघं-तिघं उरली होती त्यांची हेल्मेटं अनयाच्या कानांवरून खाली उतरेनात. मोघ्यांचं डोकं मोठं आहे. ह्याचा घराण्याला आजवर अभिमान होता. भाड्यानं सामान देणाऱ्या दुकानात फक्त सर्वांत मोठ्या मापाची उरली होती. त्यातलं एक बांधून अनया वर फाटकापाशी गेली. तिथल्या अधिकाऱ्यानं तिला मान डावी-उजवीकडे हलवायला सांगितली. मान हलली आणि हेल्मेट जागीच राहिलं. त्यानं तिला बाजूला उभं केलं. त्याचं काही चुकलं नाही. गुरुदत्तांनी त्याच्या जागी तेच केलं असतं.

तीन मुली सुटल्या. त्या दिवशी कुणी पडलं नाही. कुणाचं डोकं कशावर आपटलं नाही, कुणी साधी अडखळलीसुद्धा नाही. रुही दुसरी आली. फळ्यावर चौथ्या नावापुढे ‘स्टार्ट केलं नाही’ असा शेरा लागला. गुरुदत्तांना तो शेरा अचूक वाटला.

परतीला चार तास लागले. बाहेर बर्फ पडत होतं, रेणू दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून होती. अनयानं मागच्या सीटवर कानात इअरफोन घातले होते, पण गाणं चालू नव्हतं. सॅगिनॉ गावाच्या पुढे रेणू म्हणाली, “बाबा, एकदा विचारायचं तरी होतं.”

“विचारलं असतं तर तुम्ही कापू दिलं असतंत?”

रेणूनं वायपरचा वेग वाढवला. “नाही,” मग ती म्हणाली.

“म्हणून नाही विचारलं.”

रविवारी दुपारी अनया तळघरात आली. दोरीवर आदल्या दिवशीचं सामान वाळत होतं. पाठीचं कवच, पॅड, चड्डी. वरचा चिमटा रिकामा होता. तिच्या हातात ते पांढरं हेल्मेट होतं. तिनं ते कचऱ्यातून काढलं होतं. पट्टे कापूनही.

“आय वॉन्ट टू टेस्ट इट,” ती म्हणाली. “तुमच्या लॅबसारखं. ते फुटणार होतं की नाही ते मला बघायचंय.”

गुरुदत्तांनी तिला सांगितलं की एका चाचणीनं काही सिद्ध होत नाही. फुटलं तरी नाही, न फुटलं तरी नाही. प्रयोगशाळेत बारा नग आपटायचे तेव्हा एक वाक्य लिहिता यायचं. अनया म्हणाली, आय डोन्ट केअर. मग ते उठले. आठ महिन्यांत कुणी त्यांना येत असलेलं काम पहिल्यांदाच सांगितलं होतं.

गॅरेजमध्ये शिडी लावली. डोक्याच्या वजनाचं काहीतरी हवं होतं. कोठीत दहा पौंडांची कणकेची पिशवी होती, तीही न फोडलेली. ती हेल्मेटमध्ये बसवली. बसली बेताची. मग बांधायचं कशानं, कारण पट्टे नाहीत. अनया वर गेली आणि पारदर्शक चिकटपट्टीचं एक रीळ घेऊन आली. पट्टीच्या कडेला हळद लागली होती.

“हे कुठे होतं?”

“आजीच्या पूजेच्या डब्यात. तिथेच असतं.” ती पिशवीभोवती पट्टी गुंडाळायला लागली. एक वेढा झाल्यावर तिचे हात थांबले. “आबा, आजी आधी टेप लावायची. हेल्मेटवर टेपचा छोटा पीस, आणि कुंकू त्याच्यावर. मग टेप काढून टाकायची. लॅपटॉपला पण तसंच. तुम्हाला माहीत नव्हतं?”

“नाही.”

“पण तुम्ही दर वर्षी तिथेच असायचात.”

गुरुदत्तांनी आठवून पाहिलं. चादर दिसली, झेंडूची फुलं दिसली. वसुधाबाईंची पाठ दिसली. हात दिसले नाहीत.

“मी श्रीखंडाची वाट बघत असायचो,” ते म्हणाले.

अनयानं आणखी चार वेढे घातले, पट्टी दातानं तोडली आणि हेल्मेट त्यांच्या हातात दिलं. गुरुदत्त शिडीवर चढले. त्यांनी अंदाजानं दोन मीटरवर हात धरला, कपाळाची बाजू बरोबर खाली करून, आणि सोडलं.

धप्प आवाज झाला. हेल्मेट काँक्रीटवर एकदा उसळलं आणि कुशीवर पडलं.

दोघांनी वाकून पाहिलं. रेघा होत्या तशाच होत्या. तडा नाही, टवका नाही. आतली कणीकसुद्धा सांडली नव्हती.

बाहेर शेजाऱ्याचं बर्फ काढायचं यंत्र घरघरत होतं. अनयानं हेल्मेट उचललं, उलटं करून पाहिलं, परत सुलटं केलं.

“म्हणजे मी रेस करू शकले असते,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि पडले असते तरी काही झालं नसतं.”

“ते माहीत नाही,” गुरुदत्त म्हणाले. “काल मला ते माहीत नव्हतं. म्हणून कापलं. चूक काल नव्हती, अनया. चूक दसऱ्याला झाली. आणि मी ती स्टिकरनं झाकली.”

हे त्यांनी नेहमीच्याच आवाजात सांगितलं. दुसरा आवाज त्यांच्याकडे नव्हता. अनयानं त्यांच्याकडे पाहिलं. मग ती शिडीवर चढली, ते उभे राहिले होते त्याच्याही वरच्या पायरीवर, हेल्मेट दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि सगळ्या ताकदीनं खाली मारलं.

ह्या वेळी ते फुटलं. कपाळाच्या मधोमध तडा गेला आणि दोन भकलं झाली. पिशवी टरकली, कणकेचा लोट उठला आणि गॅरेजमधल्या गाडीवर, शिडीवर, दोघांच्या केसांवर सावकाश बसायला लागला. एक भकल अर्ध्या पिशवीसकट उसळून गुरुदत्तांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर आदळलं. पायात नुसत्या सपाता होत्या.

गुरुदत्तांनी सवयीनं शेरा दिला. “दुसऱ्या माराला चांगलं हेल्मेटही फुटतं. ह्यावरून काही सिद्ध होत नाही.” आणि ते बर्फात वापरायच्या टायरांच्या चळतीवर खाली बसले.

अनया शिडीवरून उतरली. पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. तिनं त्यांच्या पायाकडे पाहिलं. अंगठ्याचं नख काळंनिळं व्हायला लागलं होतं.

“आबा, दुखतंय?”

गुरुदत्त उत्तर द्यायला लागले आणि थांबले. त्यांनी नीट पाहिलं, म्हणजे आत पाहिलं, जसं यंत्राला तार नीट जोडलीय का ते बघतात तसं. अंगठ्यातून कळ येत होती, घोट्यापर्यंत येत होती, आणि तिथे थांबत नव्हती.

“हो,” ते म्हणाले.

“वन टू टेन?” लायब्ररीचा फॉर्म घरात सगळ्यांना माहीत होता.

“सहा.” त्यांनी नाक पुसलं, नाकाला कणीक लागली. थोड्या वेळानं म्हणाले, “साडेसहा.”

ते तिथेच बसून राहिले. अनया बाजूला उभी राहिली, गेली नाही. बऱ्याच वेळानं ती आत जाऊन गोठवलेल्या मटारची पिशवी घेऊन आली आणि त्यांच्या अंगठ्यावर ठेवली. मग परत आत गेली आणि झाडू घेऊन आली. एकच आणला होता. तो तिनं त्यांच्या हातात दिला.